अस्तराचं पान

शनिवारी रात्री साडेआठला
नारायण पेठेतल्या आमच्या बाइंडिंगच्या दुकानाचं शटर
अर्धं खाली येतं.
कटिंग मशीनवर चादर पडते, चादरीवर नकाशा.
इरफान बागवान, शाल्मली, मृगांक, नेत्रा ओव्हाळ.
वीस बाजूंचा फासा हमखास खळीच्या डब्यात पडतो.
राक्षस मी चालवते.

मृगांकने मंगळवारी त्याचं राक्षसांचं पुस्तक आणून टाकलं.
कणा मोडलेला, ड्रॅगनची पानं सुटी.
"फर्मे उसवलेत," बाबा म्हणाले, चष्मा कपाळावर.
"यातलं खरं कोण?"

कुणीच नाही, बाबा. सगळे कुठून ना कुठून उचललेले.
हा ट्रोल, उत्तरेकडच्या थंड गोष्टींतला.
तिथे उन्हात नुसता दगड व्हायचा;
तुटलेला हात परत जोडायची खोड
मागाहून एका कादंबरीकाराने लावली.
आणि हा लिच. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ फक्त प्रेत.
आता मरायला नकार देणारा जादूगार झालाय,
जीव एका डबीत लपवतो.

"म्हणजे पोपटात जीव." बाबांनी सुई ओवली.
"डबी कशाला? पोपट परवडत नाही?"

ही घूल, अरबी वाळवंटातली.
हवं ते रूप घेते, पाय मात्र गाढवाचेच राहतात.

"हडळीचे उलटे. पायांवरून कळतंच सगळ्यांचं."

प्रेतं खायची सवय तिला मूळची नाही म्हणतात,
एका फ्रेंच भाषांतरकाराने पदरची घातली.
तेव्हा बाबा हसले.
"भाषांतरकार काय, बाइंडर काय,
एखादं पान इकडचं तिकडे होतंच."

घुबडाच्या तोंडाच्या अस्वलाला तर गोष्टच नव्हती.
स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांच्या पाकिटातून निघालं, असं सांगतात.
"अनाथ," म्हणाले,
आणि त्याचं पान
ड्रॅगनपेक्षा जपून चिकटवलं.

मग बोट आकड्यांवर आलं.
हे काय?
किती मार सोसतो. किती वेगाने येतो.
मारल्यावर काय मिळतं.
"प्रत्येकाचे असतात?"
असावेच लागतात, नाहीतर खेळता येत नाही.
"हं," म्हणाले आणि दोरा दाताने तोडला,
जे ते मला कधी करू देत नाहीत.

आज संध्याकाळी शिकंज्यातून पुस्तक काढलं.
कणा ताठ, कोपरे काटकोनात.
शेवटच्या कोऱ्या पानावर, अस्तराच्या,
बिलबुकातल्या त्या अक्षरात, बॉलपेनने:

*गिऱ्हा.*
*राहतो: पाण्यात. त्या दिवशी पाणीच तो.*
*आकार: पेठेएवढा, वर दोन हात.*
*वेग: आई मला माळ्यावर चढवेपर्यंत.*
*मार किती सोसतो: प्रश्न चुकला.*
*नेलं काय: गिऱ्हाइकांची एकशे चाळीस पुस्तकं,*
*शिंप्याचं मशीन, वसंता.*
*उगम: १२ जुलै १९६१. पुस्तकातला नाही.*

वसंता कोण
हे या घरात एकोणचाळीस वर्षांत
मला कुणी सांगितलेलं नाही.
पानशेतचं म्हणून जे काही ऐकलं
ते भिंतीवरच्या रेघेपुरतं, पाणी कुठवर आलं तेवढं,
आणि पुस्तकं कशी वाळवली,
पुलाव करावा तशी, पान पान सुटं.

शटरखालून वाकून मंडळी आत आली.
नेत्राने भडंग आणलाय. शाल्मली अजून जखमी आहे, गेल्या वेळची.
इरफान तळहातात फासा घोळवतो:
"आज कोण आहे गं?"

मी पुस्तक उघडं धरून उभी.
माझ्याकडे याचे आकडे नाहीत.

पोटमाळ्याच्या जिन्यावरून बाबा, न उतरता:
"मिटू नकोस ते.
खळ ओली आहे अजून."